पंचवीस पायऱ्यांची शिडी

पत्त्यांच्या डावांत हरलेला मनुष्य खापर पानांवर फोडतो, आणि जिंकलेला मनुष्य श्रेय स्वतःच्या अकलेला देतो. हा मनुष्यस्वभाव जुनाच आहे. परंतु दोघांचेंहि म्हणणें थोडें थोडें खरें असतें, हीच या खेळांतली खरी अडचण होय. बुद्धिबळांत दोन्ही बाजूंचीं मोहरीं सारखीं. तेथें हरल्यावर तोंड लपवावयास जागा नाहीं. कुस्तीच्या हौद्यांतहि नाहीं. पत्त्यांत मात्र पिसणाऱ्याच्या बोटांत दैव बसलेलें असतें. अशा खेळांत अमुक खेळाडू तमुकापेक्षां श्रेष्ठ हें ठरवावयाचें कसें, आणि ठरविल्यावर त्याला कोणत्या पायरीवर उभें करावयाचें, या एका प्रश्नाला गेल्या दीडशेंहून अधिक वर्षांत निरनिराळीं उत्तरें देण्यांत आलीं. त्यांपैकीं अलीकडचें एक उत्तर संगणकाच्या व मोबाईलच्या पडद्यावर दिलें गेलें, आणि त्यानें देशोदेशींच्या तरुणांच्या रात्री खाऊन टाकल्या.

प्रश्न प्रथम नीट मांडला तो लंडनमधील हेन्री जोन्स या गृहस्थानें. हा व्यवसायानें वैद्य. पण 'कॅव्हेंडिश' या टोपणनांवानें व्हिस्ट या खेळावर त्यानें जें लिहिलें, त्यापुढें त्याचें वैद्यक लोक विसरून गेले. १८५७ सालीं त्यानें एक साधाच प्रयोग केला. चार निष्णात आणि चार कच्चे असे आठ खेळाडू घेतले, आणि दोन मेजांवर प्रत्येकीं एक निष्णात जोडी व एक कच्ची जोडी समोरासमोर बसविली. एका मेजावर जीं पानें निष्णातांच्या हातीं आलीं, तींच दुसऱ्या मेजावर कच्च्यांच्या हातीं दिलीं. अशा रीतीनें दैव दोन्ही पारड्यांत सारखें घातल्यावर जें उरलें तें कौशल्य. निष्णातांची सरशी झाली, हें सांगावयास नकोच. प्रयोगाचें महत्त्व निकालांत नव्हतें, रीतींत होतें. पुढें १८९१ सालीं अमेरिकेंत व्हिस्ट खेळणारांचा संघ स्थापन झाला. त्याच सुमारास वांटलेलीं पानें जशींच्या तशीं दुसऱ्या मेजावर नेण्यासाठीं तबकेंहि निघालीं, आणि कॅव्हेंडिशचा प्रयोग हा रोजचा प्रघात झाला. कौशल्य कीं दैव हा वाद पुढें न्यायालयांतहि गेला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं दिला. आणि २०२५ सालीं संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत कीं दैवाचे, सरसकट बंदी घातली. पण तो पैशाचा प्रश्न झाला. येथें प्रश्न मानाचा आहे, आणि मानासाठीं मनुष्य पैशापेक्षांहि अधिक वेळ घालवितो.

व्हिस्टमधून ब्रिज निघाला. १९२५ सालच्या शरदांत पनामा कालव्यांतून जाणाऱ्या 'फिनलंड' नांवाच्या जहाजावर हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या धनिकानें आपल्या सोबत्यांना घेऊन गुणांची नवी पद्धति करून पाहिली, आणि आजचा 'काँट्रॅक्ट ब्रिज' जन्माला आला. खेळाचा प्रसार वणव्यासारखा झाला. इतके लोक खेळूं लागल्यावर त्यांत वरचा कोण, खालचा कोण, हें सांगणारी कांहीं तरी व्यवस्था हवीच होती. ती 'मास्टर पॉइंट' या नांवानें अवतरली. स्पर्धेंत वरचा क्रमांक मिळविला कीं कांहीं गुण खात्यावर जमा होत. ते पुरेसे सांचले कीं पदवी मिळे. १९३६ सालीं 'लाइफ मास्टर' म्हणजे आजन्म उस्ताद ही पदवी निर्माण झाली व पहिल्या दहा जणांना ती देण्यांत आली. त्यांतला एक ऑस्वाल्ड जेकोबी. हा गृहस्थ साठीच्या उंबरठ्यावर पुनः ईर्षेला पेटला, आणि १९६३ या एका वर्षांत त्यानें हजारांहून अधिक गुण मिळविले. तोंवर हें कोणालाहि साधलें नव्हतें.

या पद्धतीचा गुण असा कीं मिळविलेलें कधीं जात नसे. एकदां जमा झालेला गुण मरेपर्यंत खात्यावर राही. दोषहि हाच. चाळीस वर्षें मध्यम खेळणारा मनुष्य चिकाटीनें तेथें पोंचे, जेथें बुद्धिमान परंतु संसारांत गुंतलेला मनुष्य पोंचत नसे. आणि ही शिडी सर्वांसाठीं नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय खेळाडूंना त्या प्रमुख संघाचीं दारें बंद होतीं. म्हणून त्यांनीं १९३२ सालीं 'अमेरिकन ब्रिज असोसिएशन' ही आपली निराळी संस्था काढली. मोठ्या संघानें वर्णाचा अडसर पूर्णपणें दूर केला तो १९६७ सालीं. तोंपर्यंत किती उत्तम खेळाडू उस्ताद न होतां म्हातारे झाले, याची नोंद कोणत्याहि खात्यांत नाहीं.

दुसरें उत्तर बुद्धिबळाकडून आलें. मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकविणारे, जन्मानें हंगेरियन असे प्राध्यापक आर्पाद एलो यांनीं गुणांची अशी रीत बसविली कीं जिंकल्यावर गुण वाढावे आणि हरल्यावर घटावे. बलवानाला हरविलें तर पुष्कळ वाढावे, दुबळ्याला हरविलें तर थोडे. दोन खेळाडूंत २०० गुणांचें अंतर असेल, तर वरच्यानें चार डावांत सुमारें तीन गुण मिळवावे असा तिचा हिशेब. अमेरिकेंतील बुद्धिबळ संघानें ती १९६० सालीं आणि जागतिक संघानें १९७० सालीं स्वीकारली. मास्टर पॉइंट ही पेढीवरची ठेव होती. एलोची रीत हा ताजवा होता. ताजवा खरें बोलतो, म्हणूनच तो फारसा कोणाला आवडत नाहीं. १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें 'मॅजिक' नांवाचा खेळ काढला. त्यांत प्रत्येकानें आपापलीं पानें विकत घेऊन, निवडून, स्वतःचा कॅट बांधून आणावयाचा असे. त्याच्या स्पर्धांनाहि एलोची रीत लावण्यांत आली, आणि एक गंमत दिसून आली. ज्यांचे गुण वर गेले ते खेळावयाचेंच थांबले. न खेळल्यानें गुण घटत नाहींत, खेळल्यानें घटूं शकतात. मग शहाण्यानें घरीं बसावें हें उघडच आहे. शेवटीं २०११ सालीं त्या कंपनीनें ताजवा बाजूला ठेवून पुनः सांचणाऱ्या गुणांची ठेव सुरू केली.

या दोन अनुभवांनंतर तिसरें उत्तर आलें. ११ मार्च २०१४ रोजीं अमेरिकेंतील ब्लिझार्ड या कंपनीनें 'हार्थस्टोन' हा ऑनलाइन पत्त्यांचा खेळ सर्वांना खुला केला. दोन खेळाडू, प्रत्येकाजवळ स्वतः निवडलेलीं तीस पानें, आणि प्रत्येकाच्या नायकाचे तीस प्राण. ज्याचे प्राण आधीं सरले तो हरला. पहिली उतारी करणाराला जो फायदा मिळतो त्याची भरपाई म्हणून दुसऱ्याला एक पान जास्त आणि वर एक नाणें मिळतें. खेळ दिसावयास पोरखेळ; परंतु २०१८ च्या नोव्हेंबरांत कंपनीनें दहा कोटि खेळाडू झाल्याचें जाहीर केलें. इतक्या मोठ्या जनसमुदायासाठीं जी शिडी उभारली तिला पंचवीस पायऱ्या होत्या. तळच्या पंचविसाव्या पायरीचें नांव 'चिडकी कोंबडी' आणि सर्वांत वरच्या पहिल्या पायरीचें नांव 'सराईवाला'. त्याच्याहि वर 'लेजंड', म्हणजे ज्यांच्या दंतकथा व्हावयाच्या ते. विजयाला एक तारा मिळे, पराजयाला एक जाई. नवख्यांना पहिल्या कांहीं पायऱ्यांवर अभय होतें. तळाला पायरीमागें दोन तारे लागत, मग तीन, मग चार, आणि वरच्या दहा पायऱ्यांना पांच पांच. एकंदर ९५ तारे.

या शिडीचें मर्म तिच्या बक्षिसांत होतें. लागोपाठ तीन डाव जिंकले, कीं तिसऱ्या व त्यापुढील प्रत्येक सलग विजयाला एकाऐवजीं दोन तारे मिळत. आतां ज्या खेळाडूचे निम्मे डाव जिंकून निम्मे हरतात, त्याच्या बाबतींत लागोपाठ तीन विजयांचा संभव आठांत एक. म्हणजे जितके मिळाले तितके गेले, तरी आठ डावांमागें सरासरीनें एक तारा निव्वळ बक्षिसाचा उरे. मध्यम खेळाडूहि त्यामुळें मुंगीच्या पावलांनीं वर सरके, आणि आपण सुधारत आहों असें त्याला वाटे. परंतु पांचव्या पायरीवर हें बक्षीस बंद होई. तेथून लेजंडपर्यंत पांच पायऱ्या, पंचवीस तारे, आणि एकहि फुकटचा नाहीं. ज्याला आजपर्यंत पाठीमागून कोणी तरी हळूच ढकलीत होतें, त्याचा तो हात अकस्मात् काढून घेतला जाई, आणि तो जागच्या जागीं थबके. शेंकडों खेळाडू महिनोन् महिने याच पायरीवर कुढत राहिले. आपण एकाएकीं कां बिघडलों, याचा ते विचार करीत. ते बिघडले नव्हते. ते पहिल्यापासून तेवढेच होते. हिशेब मात्र आतां उघडा पडला होता.

हा हिशेब मुलांना त्रैराशिक शिकवितांना घालावा असा आहे. शंभरांत ५० डाव जिंकणारा पंचवीस ताऱ्यांचें अंतर केवळ नशिबाच्या एखाद्या लाटेवरच तोडूं शकेल. ५२ जिंकणाराला शंभर डावांमागें चार तारे उरतात. त्याला ६२५ डाव लागतील. ५५ जिंकणाराला २५०, आणि ६० जिंकणाराला १२५. एका डावाला दहा मिनिटें धरलीं, तर ५२ जिंकणाराला १०४ तास, म्हणजे महिनाभर रोज साडेतीन तास बसावें लागेल. आणि खालच्या पायऱ्या चढण्याचा वेळ यांत धरलेला नाहीं. शिवाय हें सारें सरासरीचें बोलणें झालें. अडीचशें डावांत दैवाच्या लहरीनें सोळा ताऱ्यांचा फरक इकडे वा तिकडे पडणें ही अगदीं नेहमींची गोष्ट आहे. तेव्हां तितक्याच योग्यतेच्या दोघांपैकीं एक महिनाअखेर शिखराच्या कितीतरी पुढें जाण्याइतके तारे मिळवी, आणि दुसऱ्याच्या हातीं नऊच उरत. कॅव्हेंडिशनें दैव दोन्ही पारड्यांत सारखें घातलें होतें. येथें तसें करणें अशक्य होतें. म्हणून डावांची संख्या वाढवीत नेणें एवढाच उपाय राहिला, आणि त्याची किंमत खेळणाराच्या वेळांतून वसूल होई.

महिन्याच्या अखेरीस तर सगळेच तारे विझत. जो जेथें असेल तेथून तो पुष्कळ खालीं येई, आणि पहिल्या तारखेस पुनः चढण सुरू. पुण्य सरलें कीं स्वर्गांतल्यानें मृत्युलोकीं परत यावें, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. एका अमेरिकन कंपनीनें ती महिन्याच्या मुदतीवर आणून ठेवली, इतकेंच. यामागचा उद्देश उघड होता. 'मॅजिक'चे गुणवंत जसे घरीं बसले तसें येथें कोणाला बसतां येऊं नये. २०१४ सालीं कंपनीनेंच प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें पंधराव्या पायरीवर पोंचलेला खेळाडू वरच्या चतुर्थांशांत मोडे, पांचव्या पायरीचा शंभरांतील पहिल्या दोघांत, आणि लेजंड झालेले दोनशेंमध्यें एक. ही माहिती देण्याचा हेतु खेळाडूंना धीर देण्याचा होता. पण पंधराव्या पायरीवरच्या मनुष्याची नजर खालच्या तीन चतुर्थांशांकडे वळत नाहीं. तो वरच पाहतो.

चढणाराच्या वाटेंत आणखी एक धोंड होती, आणि ती केवळ बुद्धीनें हलणारी नव्हती. चांगल्या कॅटाला दुर्मिळ पानें लागत. तीं पांच पांच पानांच्या बंद पुडक्यांतून निघत; पुडक्यांत काय निघेल हें दैवाधीन. हवें तें पान स्वतः घडवितांहि येई, पण त्यासाठीं दुसरीं पानें मोडून त्यांची पूड करावी लागे. सर्वांत वरच्या प्रतीचें पान घडविण्यास १६०० माप पूड लागे, आणि तेंच पान मोडलें तर ४०० मिळे. चार मोडावीं तेव्हां एक घडे! गांवचा सावकारहि याहून बरा. अशा रीतीनें जोडलेल्या पानांचीहि शाश्वति नव्हती. २०१५ च्या ऑक्टोबरांत एका गाजलेल्या कॅटाचें मुख्य पान कंपनीनें एकाएकीं बदललें, आणि त्यावर उभे असलेले सगळे कॅट एका रात्रींत निकामी झाले. त्या एका पानाची पूडहि मिळाली नाहीं. त्याच्या आधारानें जमविलेल्या बाकीच्या पानांचें काय, याला उत्तर नव्हतें. २०१६ पासून तर जुन्या संचांतील पानें दर वर्षीं मुख्य स्पर्धेंतून बाद होऊं लागलीं. खेळ ताजा राहण्यास हें अवश्य होतें, हें मान्य केलें पाहिजे. तथापि ज्याच्या खिशांत पैसा नाहीं त्याला दर वर्षीं नव्यानें भुकेला व्हावें लागे, हेंहि तितकेंच खरें.

तक्रारी वाढल्या तसतशी शिडी दुरुस्त होत गेली. २०१७ सालीं पंधराव्या, दहाव्या व पांचव्या पायऱ्यांवर विसाव्याचे टप्पे केले. तेथें पोंचलेला त्या महिन्यांत त्याखालीं घसरत नसे. २०१८ च्या मार्चपासून महिन्याअखेरची घसरण चारच पायऱ्यांची झाली. २०२० च्या एप्रिलमध्यें जुनी शिडी पाडूनच टाकली, आणि चिडकी कोंबडीहि तिच्याबरोबर गेली. नव्या रचनेंत कांसें, रुपें, सोनें, प्लॅटिनम व हिरा असे पांच मजले, प्रत्येकांत दहा पायऱ्या, आणि पायरीला तीनच तारे. मागच्या महिन्यांत जो वर गेला होता, त्याला पुढच्या महिन्यांत एका विजयाला अनेक तारे मिळूं लागले, म्हणजे त्याची जुनी चढण लवकर आटोपे. पायऱ्या दुप्पट झाल्या, पण चढण सौम्य झाली. जुन्या खेळाडूंपैकीं कित्येकांना हें रुचलें नाहीं. ज्यांनीं पायांना फोड येईपर्यंत गड चढला, त्यांना नव्यांसाठीं बांधलेला घाट कसा आवडावा?

शिडीच्या वरच्या टोंकाला खऱ्या स्पर्धा होत्या. २०१९ च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनाहाइम येथें जागतिक अंतिम सामना झाला, आणि तो ली शियाओमेंग या चिनी तरुणीनें एकहि डाव न गमावतां जिंकला. हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री. दोन लक्ष डॉलरांचें पारितोषिक घेतांना तिनें एक जुनी गोष्ट सांगितली. कांहीं वर्षांपूर्वीं ती एका स्पर्धेसाठीं नांव नोंदविण्याच्या रांगेंत उभी असतां, मुलीनें या रांगेंत उभें राहण्याचें कारण नाहीं, असें मागच्या माणसानें तिला ऐकविलें होतें. पडद्यावरच्या शिडीला चढणारा पुरुष कीं स्त्री हें कळत नाहीं. रांगेंतल्या माणसाला कळतें. १९३२ सालीं ज्यांनीं निराळी संस्था काढली त्यांना ही गोष्ट नवी वाटली नसती.

त्याआधींच्या वर्षीं, २०१८ सालीं, जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत पत्त्यांचीं हीं दोन्ही घराणीं एका मांडवाखालीं आलीं होतीं. ब्रिजला तेथें प्रथमच स्थान मिळालें, आणि पुरुषांच्या जोडीचें सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार यांनीं जिंकलें. बर्धन साठ वर्षांचे होते, सरकार छप्पन वर्षांचे. हार्थस्टोनमध्यें कच्छांतील भूजच्या तीर्थ मेहता या तरुणानें कांस्यपदक मिळविलें. परंतु तो खेळ तेव्हां केवळ प्रात्यक्षिकादाखल ठेवलेला असल्यामुळें तें पदक देशाच्या पदकसंख्येंत धरलें गेलें नाहीं. पुढच्या खेपेस, चीनमधील हांगझौ येथें, ही उणीव भरून निघावयाची होती. हार्थस्टोन पूर्ण पदकाच्या खेळांत घालण्यांत आला, आणि भारतांतहि निवडीचे सामने झाले. मध्यंतरीं स्पर्धा एक वर्ष पुढें गेली. इतक्यांत ब्लिझार्ड आणि तिची चिनी भागीदार कंपनी यांचा करार संपला, आणि २३ जानेवारी २०२३ रोजीं चीनमध्यें तो खेळच बंद पडला. तेथल्या खेळाडूंचीं पानें, तारे, पायऱ्या, सर्व एका दिवसांत अंधारांत गेलें. तें पुनः उजेडांत यावयास २०२४ चा सप्टेंबर उजाडला. यजमानांच्याच देशांत जो खेळ बंद, तो स्पर्धेंत कसा राहावा? हार्थस्टोनचें नांव यादींतून कमी करण्यांत आलें. ज्यांनीं आपापल्या देशांत निवड मिळविली होती ते घरींच राहिले.

हांगझौला २०२३ च्या ऑक्टोबरांत ब्रिजचे सामने मात्र ठरल्याप्रमाणें झाले. कॅव्हेंडिशच्या रीतीनें तींच पानें दोन्ही मेजांवर गेलीं. मुंबईचे जग्गी शिवदासानी व राजू तोलानी हे ज्यांत होते तो भारतीय पुरुषांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, तेथें हाँगकाँगकडून हरला, आणि रौप्यपदक घेऊन परत आला.